भारवाही हेलिकॉप्टर : ओझे, पल्ला आणि सुरक्षितता



एखादे मोठे हेलिकॉप्टर मैदानात उतरले म्हणजे पाहणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे ओझे किती उचलते? त्यामागून दुसरा येतो : एका दमात किती लांब जाते? तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, हे यंत्र कोसळले तर आत बसलेल्या माणसांचे काय होते? आमच्या सरकारी कामकाजातही असेच घडते. कोणतेही यंत्र घ्यावयाचे ठरले की तुलनात्मक तक्ता तयार होतो. पहिल्या रकान्यात वाहनक्षमता, दुसऱ्यात पल्ला, तिसऱ्यात किंमत. सुरक्षिततेच्या रकान्यात बहुधा 'समाधानकारक' असा एकच शब्द असतो, आणि त्यावर नजर न थांबता कागद पुढे सरकतो. हे रकाने एकमेकांपासून अलग नाहीत; ओझे, पल्ला आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टींचा खर्च एकाच खात्यावर पडतो, आणि ते खाते म्हणजे वजनाचे. एकीकडे उदार व्हावे तर दुसरीकडे हात आखडावा लागतो. हा हिशेब कसा चालतो, तेवढेच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हिशेबासाठी आपण तीन यंत्रे समोर ठेवू. पहिले रशियाचे एमआय-२६. याचे पहिले उड्डाण १४ डिसेंबर १९७७ रोजी झाले. नियमित उत्पादनात आलेल्या हेलिकॉप्टरांमध्ये एवढे मोठे दुसरे नाही. त्याच्या माथ्यावरील चक्राला आठ पाती असून त्या चक्राचा व्यास ३२ मीटर आहे. दुसरे अमेरिकेचे चिनूक. त्याचे मूळ यंत्र २१ सप्टेंबर १९६१ रोजी प्रथम उडाले. साठ वर्षांहून अधिक काळ त्याच सांगाड्यावर सुधारणा होत गेल्या आणि आजचे रूप सिद्ध झाले. त्याला शेपटीजवळचा लहान पंखा नाही. पुढे एक आणि मागे एक अशी दोन मोठी चक्रे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. तिसरे सीएच-५३के. अमेरिकेच्या मरीन दलासाठी बांधलेले हे यंत्र २०१५ च्या ऑक्टोबरात प्रथम उडाले आणि २०२२ मध्ये सेवेस सिद्ध म्हणून जाहीर झाले. यांपैकी पहिली दोन आपल्या परिचयाची आहेत. भारतीय हवाई दलाने १९८६ मध्ये एमआय-२६ सेवेत घेतले, तर २०१५ मध्ये करार होऊन २५ मार्च २०१९ रोजी चंडीगड येथे चिनूक समारंभपूर्वक दाखल झाले.

आता माहितीपत्रकांतील आकडे पाहू. एमआय-२६ वीस टन उचलते, चिनूक सुमारे अकरा टन, आणि सीएच-५३के आकड्याला टांगून सोळा टनांहून थोडे अधिक. हे आकडे खोटे नाहीत. परंतु ते अपुरे आहेत. जुन्या काळी गाडीवान लांबच्या बाजाराला निघे तेव्हा गाडीत धान्याच्या पोत्यांबरोबर बैलांचा कडबाही भरी. वाट जितकी लांब तितका कडबा अधिक, आणि कडबा जितका अधिक तितकी पोती कमी. हेलिकॉप्टरचे इंधन हा त्याचा कडबा आहे, आणि तोही त्याच गाडीतून न्यावा लागतो.

चिनूकचेच गणित करू. उड्डाणसमयी त्याचे एकूण वजन २२,६८० किलोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. रिकाम्या यंत्राचे वजन सुमारे ११,१५० किलोग्रॅम. वजाबाकी केली की माणसे, माल आणि इंधन या सर्वांसाठी मिळून साडेअकरा टन उरतात. म्हणजे अकरा टन माल भरला तर वैमानिक आणि इंधन यांच्या वाट्याला अर्ध्या टनाच्या आसपासच राहते. दरीच्या या काठावरून त्या काठावर जाण्यापुरतेच ते पुरावयाचे. उलट मुख्य टाक्या काठोकाठ भरल्या तर सुमारे ३,१०० किलोग्रॅम तेथेच खर्ची पडतात आणि मालासाठी आठ टनांच्या आसपास उरतात. मग पल्ला मिळतो ७४० किलोमीटरांच्या घरात. तेव्हा 'अकरा टन' आणि 'सातशे चाळीस किलोमीटर' हे दोन्ही आकडे खरे असले, तरी ते एकाच उड्डाणाचे नव्हेत. तक्त्यात मात्र ते शेजारी शेजारी बसतात, आणि वाचणारा समजतो की अकरा टन घेऊन हे यंत्र सातशे चाळीस किलोमीटर जाईल.

एमआय-२६ ची गोष्ट याहून थोडी सैल आहे. त्याचे कमाल वजन ५६ टन, रिकामे वजन सव्वाअठ्ठावीस टनांच्या जरा आत. म्हणजे पावणेअठ्ठावीस टनांचा हिशेब त्याला करता येतो. बारा हजार लिटरची मुख्य टाकी भरली तर साडेनऊ टनांहून अधिक इंधन चढते, आणि चालकवर्ग धरूनही सतरा टनांच्या आसपास माल नेता येतो. पल्ला आठशे किलोमीटरांच्या जवळपास. येथेही वीस टन हा आकडा टाकी भरलेली नसतानाचा आहे. पण फरक चिनूकइतका मोठा नाही. 

पल्ल्याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. ११ एप्रिल २०२२ रोजी हवाई दलाच्या एका चिनूकने चंडीगडहून निघून आसामातील जोरहाटपर्यंत १,९१० किलोमीटरांचे अंतर साडेसात तासांत, वाटेत कोठेही न उतरता, कापले. भारतातील हेलिकॉप्टरचे ते सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण ठरले. अशा उड्डाणाचे महत्त्व फार आहे. संकटकाळी यंत्र देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेता येते, हे त्यातून सिद्ध होते. परंतु असा प्रवास यंत्र हलविण्यासाठी असतो, माल हलविण्यासाठी नव्हे. दोन हजार किलोमीटरांच्या वाटेवर गाडी बव्हंशी कडब्यानेच भरलेली असावयाची.

विक्रम वेगळा आणि रोजचा व्यवहार वेगळा, याचा आणखी एक दाखला सांगतो. सोव्हिएत संघात १९६० नंतरच्या दशकात व्ही-१२ नावाचे एक राक्षसी हेलिकॉप्टर तयार झाले होते. दोन बाजूंना दोन प्रचंड चक्रे असलेल्या या यंत्राने ६ ऑगस्ट १९६९ रोजी ४४,२०५ किलोग्रॅम ओझे २,२५५ मीटर उंचीपर्यंत नेले. तो विक्रम आजही अबाधित आहे. पण त्या जातीची दोनच यंत्रे बनली आणि नियमित उत्पादन कधी सुरूच झाले नाही. त्याच कारखान्याच्या परंपरेतून पुढे आलेले एमआय-२६ त्या विक्रमाच्या निम्म्याहून कमी ओझे उचलते. परंतु सायबेरियातील तेलक्षेत्रांपासून हिमालयापर्यंत कामाला लागले ते हेच.

आता थोडे शास्त्राकडे वळू. हेलिकॉप्टर हवेत राहते ते हवा खाली ढकलून. चक्राची पाती जेवढे वर्तुळ व्यापतात तेवढी हवा त्यांच्या हाती येते. थोडी हवा फार वेगाने ढकलावी किंवा पुष्कळ हवा हळुवार ढकलावी. ओझे दोन्ही रीतींनी उचलले जाते, परंतु दुसऱ्या रीतीत शक्ती कमी लागते. एमआय-२६ च्या दोन इंजिनांची शक्ती मिळून सुमारे २२,८०० अश्वशक्ती आहे आणि सीएच-५३के च्या तीन इंजिनांची मिळून सुमारे २२,५००. शक्ती जवळजवळ सारखीच; मग एकाने वीस टन आणि दुसऱ्याने सोळा टन उचलावे, असे का? कारणे एकाहून अधिक आहेत. पण मोठे कारण वर्तुळाचे आहे. पहिल्याचे चक्र ८०४ चौरस मीटर व्यापते, दुसऱ्याचे सुमारे ४५५. दुसऱ्याच्या रचनाकारांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे. ते यंत्र युद्धनौकेच्या डेकवर उतरावयाचे आहे, आणि बत्तीस मीटरच्या चक्राला तेथे ठाव नाही. यंत्र कोठे उतरावयाचे आहे, यावरच ते किती उचलील हे पुष्कळसे ठरते.

या खाली ढकललेल्या हवेचा त्रासही ध्यानात घ्यावयास हवा. पूर्ण भारलेले एमआय-२६ जमिनीपासून थोड्या उंचीवर स्थिर राहिले तर गणिताने त्याच्या खालच्या झोताचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर येतो. चिनूकचा सुमारे ९५. कोरड्या जमिनीवर धुळीचा असा लोट उठतो की वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. पूरग्रस्त गावात घरांच्या छपरांवरील पत्रे उडतात. म्हणून सर्वांत मोठे यंत्र हेच प्रत्येक ठिकाणी सर्वांत उपयोगी, असे समजू नये. छपरावर अडकलेल्या कुटुंबाला लहान यंत्रच हवे. पुलाचे तुळईखांब किंवा रस्ता मोकळा करणारे यंत्र न्यावयाचे असेल तेव्हा मोठे.

या हिशेबात आणखी दोन गोष्टी दांडगाईने शिरतात : उंची आणि उष्णता. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरांच्या आसपास आहे. तेथील हवा प्रमाण दिवशीसुद्धा समुद्रकाठच्या हवेच्या पाऊणपटीहूनही विरळ असते. उन्हाळ्यातील दुपारी तपमान पंचवीस अंशांवर गेले की ती दोनतृतीयांशाच्या खाली येते. विरळ हवेत तेच ओझे तोलावयास शक्ती अधिक लागते, आणि नेमक्या त्याच हवेत इंजिनाची शक्ती घटते, कारण इंजिनालाही श्वासासाठी हवाच लागते. उत्पन्न कमी आणि खर्च अधिक, अशी ही दुहेरी ओढ आहे. बैलगाडी घाटाला लागली की गाडीवान उतारूंना खाली उतरून चालावयास सांगतो. हेलिकॉप्टरचा वैमानिक तेच उड्डाणापूर्वी सांगतो.

सीएच-५३के च्या बाबतीत या गोष्टीची दखल मागणीपत्रातच घेतली गेली, हे मला विशेष वाटते. त्या यंत्राची कसोटी 'कमाल भार किती' एवढ्यावर ठेवली नव्हती. सुमारे ९१५ मीटर उंचीवर, तेहतीस अंश तपमानात, १२,२४७ किलोग्रॅम ओझे २०४ किलोमीटर दूर नेऊन टाकून परत यावे, अशी अट होती. यात उंची आहे, उष्णता आहे, अंतर आहे आणि परतीचा प्रवासही आहे. अटीतील आकडा माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा चार टनांनी लहान आहे. पण तो विसंबण्याजोगा आहे. मागणी करणाऱ्याने प्रश्न नीट विचारला म्हणजे उत्तरही नीट मिळते.

येथवर ओझे आणि पल्ला झाला. आता तिसरा रकाना.

हेलिकॉप्टरची सुरक्षितता दोन प्रकारची असते. एक, ते पडू नये यासाठी. दुसरी, पडलेच तर माणसे वाचावीत यासाठी. पहिल्या प्रकारात लोकांचे लक्ष इंजिनांकडे असते. परंतु मोठ्या यंत्रांच्या इतिहासातील काही भयंकर अपघात इंजिन बंद पडून झालेले नाहीत. इंजिनाची शक्ती चक्राकडे नेणारी जी दंतचक्रांची पेटी असते, तिला पर्याय नसतो. इंजिने दोन किंवा तीन असतात. पेटीतील मुख्य दंतचक्र मात्र एकच.

११ सप्टेंबर १९८२ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे विमानोत्सवाच्या प्रसंगी एक अमेरिकी चिनूक कोसळले आणि त्यातील सर्व ४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत निरनिराळ्या देशांचे छत्रीधारी होते. दंतचक्रपेटी साफ करण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा वापरला जात असे. तो आत राहून वंगणाच्या बारीक वाटा बुजल्या, असे चौकशीत निघाले. पुढे ६ नोव्हेंबर १९८६ रोजी उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रावरून कामगारांना घेऊन येणारे नागरी चिनूक शेटलंड बेटांतील सम्बर्ग विमानतळाजवळ समुद्रात पडले. आत ४७ जण होते, दोघे वाचले. पुढच्या पेटीतील एक दंतचक्र निकामी झाले, दोन्ही चक्रांचा मेळ सुटला आणि त्यांची पाती एकमेकांवर आदळली. दोन चक्रांच्या रचनेचा लाभ मोठा आहे. शेपटीच्या पंख्यावर स्थिर अवस्थेत शक्तीचा साधारण दहावा हिस्सा जातो. तो येथे वाचतो आणि सारी शक्ती ओझे उचलण्याच्या कामी येते. पण त्या लाभासाठी दोन चक्रांचा मेळ कधीही न चुकण्याची हमी द्यावी लागते. ती हमी शेवटी दंतचक्राच्या धातूवर आणि ते तपासणाऱ्या कारागिराच्या चिकाटीवर अवलंबून असते.

मोठ्या यंत्राचा अपघात मोठाच असतो, हेही विसरता येत नाही. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी इस्राएलमध्ये दोन सीएच-५३ हेलिकॉप्टरे रात्री हवेत एकमेकांवर आदळली आणि ७३ सैनिक गेले. २ जून १९९४ रोजी स्कॉटलंडमधील मल ऑफ किन्टायर येथे धुक्यात एक ब्रिटिश चिनूक डोंगरावर आदळले. २९ जण गेले. तेथे प्रथम वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यात आला, आणि तो मागे घ्यावयास २०११ साल उजाडले. अशा अपघातांत आसन कितीही भक्कम असले तरी उपयोग नसतो. तेथे धुके, रात्र आणि 'आजच गेले पाहिजे' हा आग्रह यांच्याशी गाठ असते.

परंतु सर्वच अपघात असे नसतात. पुष्कळदा यंत्र खाली येते ते वाचण्याजोग्या वेगाने. तेव्हा माणूस वाचणे किंवा न वाचणे पाच गोष्टींवर ठरते. माणसाभोवतीचा सांगाडा चेपून आत येऊ नये. माणूस पट्ट्यांनी आसनाशी नीट बांधलेला असावा. आदळण्याचा धक्का त्याच्या कण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी जिरावा. डोके आपटेल असे काही जवळ नसावे. आणि आग लागू नये, बाहेर पडण्याची वाट मोकळी राहावी.

यांतील धक्का जिरविण्याची गोष्ट साध्या गणिताने समजते. अमेरिकी सैन्याने १९७४ मध्ये लष्करी हेलिकॉप्टरांसाठी एक कसोटी ठरविली. यंत्र सेकंदाला १२.८ मीटर या वेगाने सरळ खाली आदळले तरी आतील माणसे वाचली पाहिजेत. हा वेग म्हणजे सव्वाआठ मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरून, जवळजवळ तीन मजल्यांवरून, पडण्यासारखा आहे. या वेगाचा माणूस तीस सेंटिमीटरांत थांबला तर त्याच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या अठ्ठावीसपट जोर येतो आणि पाठीचा कणा मोडतो. साठ सेंटिमीटरांत थांबला तर तो जोर चौदापट होतो. पट्ट्यांनी नीट बांधलेल्या निरोगी माणसाला क्षणभर तो सोसतो. म्हणजे जीव आणि मृत्यू यांत एका वितीहून थोडे अधिक अंतर आहे. हे अंतर मिळवावयाचे कसे? चाकांचे पाय थोडे खचावेत, तळाखालचा सांगाडा कागदी खोक्यासारखा चुरगळावा, आणि आसन आपल्या खांबांवरून ठरल्या विरोधाने खाली घसरावे. ब्लॅक हॉक आणि अपाची ही यंत्रे याच विचाराने आखली गेली. चिनूक आणि एमआय-२६ यांचे आराखडे त्या कसोटीसाठी आखलेले नव्हेत. चिनूक तर तिच्या आधीचे आहे. त्याच्या पुढील रूपांत सुधारणा झाल्या, पण सांगाड्याचा मूळ घाट तोच राहिला.

आगीचा धडा याहूनही बोलका आहे. व्हिएतनाम युद्धात असे दिसून आले की, आदळण्यातून जिवंत राहिलेली पुष्कळ माणसे फुटलेल्या टाकीच्या आगीत जळून मेली. १९७० पासून अमेरिकी सैन्याने न फाटणाऱ्या टाक्या आणि ओढ बसताच आपोआप मिटणारे नळीजोड बसविण्यास आरंभ केला. त्यानंतर वाचण्याजोग्या अपघातांत भाजून मरण्याचे प्रकार जवळजवळ नाहीसे झाले. या बाबतीत टाकी कोठे आहे यालाही महत्त्व आहे. चिनूकच्या मुख्य टाक्या बाहेर दोन्ही कुशींना लांबट फुगवट्यांत आहेत. एमआय-२६ च्या मुख्य टाक्या माणसे आणि माल यांच्या पायाखाली, तळाशी आहेत. दोन्हींमागे रचनाकाराची कारणे असतात. पण उतारूच्या दृष्टीने फरक उघड आहे.

समुद्रावर आणखी एक अडचण येते. हेलिकॉप्टरची इंजिने आणि दंतचक्रपेटी माथ्यावर असतात. त्यामुळे पाण्यावर उतरलेले यंत्र लवकरच उलटे होते, आणि आतील माणसाला अंधारात, पाण्याखाली, उलट्या अवस्थेत दार शोधावे लागते. मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्राकडे रोज हेलिकॉप्टरने जाणाऱ्या कामगारांच्या घरी ही गोष्ट कोणाला समजावून सांगावयास नको. ११ ऑगस्ट २००३ रोजी त्या वाटेवर एक एमआय-१७२ समुद्रात कोसळले आणि २७ जण गेले. तरंगणाऱ्या पिशव्या, पाण्याखालून बाहेर पडण्याचे शिक्षण, ढकलताच निघणाऱ्या खिडक्या, यांची किंमत तेथे कळते.

यांतील प्रत्येक गोष्टीला वजन आहे. समजा, पंचावन्न आसनांपैकी प्रत्येक आसन धक्का जिरविणारे केल्याने दहा किलोग्रॅमने जड झाले. एकूण साडेपाचशे किलोग्रॅम झाले. चिनूकच्या हिशेबात ते सज्ज सैनिकांपैकी पाच-सहा जणांचे वजन, किंवा ढोबळ मानाने सव्वाशे किलोमीटरांचे इंधन. तक्त्यात पल्ला सव्वाशे किलोमीटरांनी कमी दिसला की डोळ्यांत भरतो. आसन चांगले झाले हे मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून स्पर्धेच्या वेळी कात्री लागते ती बहुधा तेथेच. पाच माणसे कमी नेऊन पन्नास माणसांचा कणा वाचवावा की नाही, हा खरे तर तंत्रज्ञाचा प्रश्न नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मागणी करणाऱ्याने द्यावयाचे असते.

ओझ्याच्या यंत्रातून माणसे नेण्याचा प्रश्न तर वेगळाच आहे. १९ ऑगस्ट २००२ रोजी चेचन्यात ग्रोझ्नीजवळच्या खानकाला तळावर उतरत असलेल्या रशियन एमआय-२६ ला क्षेपणास्त्र लागले आणि ते सुरुंग पेरलेल्या जमिनीवर कोसळून पेटले. त्यात दीडशेच्या जवळपास माणसे होती. यंत्राची सोय नव्वदांच्या आतबाहेर होती. १२७ जण गेले. एमआय-२६ मधून माणसे नेऊ नयेत, असा हुकूम १९९७ मध्येच निघालेला होता. क्षेपणास्त्र शत्रूचे होते, हे खरे. पण आत किती जण असावेत हे शत्रूने ठरविले नव्हते. वीस टन उचलणाऱ्या यंत्राला दीडशे माणसांचे वजन काहीच नाही. वजनाचा हिशेब बरोबर होता. आसने, पट्टे आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचा हिशेब कोणी केलाच नाही. हुकूम फायलीत राहिला आणि माणसे यंत्रात चढली. माझ्या व्यवसायातील माणसांनी या घटनेकडे दूरदेशची बातमी म्हणून पाहू नये.

या यंत्रांविषयी मी भीती घालावी, असा माझा हेतू नाही. २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी, साडेतीन हजार मीटरांवर, जड यंत्रसामग्री पोहोचविली ती एमआय-२६ ने. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सिल्क्यारा बोगद्यातून सतरा दिवसांनी सुटलेल्या एक्केचाळीस मजुरांना चिन्यालीसौडहून हृषीकेशच्या इस्पितळात नेले ते चिनूकने. रस्ता नाही तेथे रस्ता होणे, हे या यंत्रांचे काम आहे आणि ते त्यांनी वेळोवेळी केले आहे. तथापि जे यंत्र संकटात आपल्याला हवे असते, त्याला विचारावयाचे प्रश्न संकटापूर्वीच विचारून ठेवले पाहिजेत. एवढे ओझे किती दूर, किती उंचावर, कोणत्या उन्हात? परतीचे इंधन धरून की न धरता? मालासाठी की माणसांसाठी, आणि माणसांसाठी असल्यास प्रत्येकाला आसन आणि पट्टा आहे काय? तक्ता या प्रश्नांच्या आधाराने भरला तर तो पुष्कळ लहान होईल, परंतु उपयोगी होईल.

श्रोत्यांनाही एक विनंती आहे. पूर आला, दरड कोसळली, आणि हेलिकॉप्टर येऊन काही माणसे घेऊन, काहींना मागे ठेवून निघून गेले, असे पुढेमागे आपल्यापैकी कोणाच्या नजरेस पडेल. त्या वेळी मागे राहिलेल्यांचा संताप स्वाभाविक असतो. आत जागा रिकामी दिसत असते. आणखी चौघे सहज मावले असते असे वाटते. अशा वेळी तेथील अधिकारी, पुढारी आणि आप्तस्वकीय मिळून वैमानिकावर दडपण आणतात. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत दुपारचे ऊन असते, डोंगराची उंची असते, परतीचे इंधन असते, आणि एक इंजिन दगा देईल तर सावरण्यापुरती राखलेली शक्ती असते. वैमानिक 'नाही' म्हणतो तेव्हा तो ज्यांना आत घेतले आहे त्यांच्या वतीने बोलत असतो. त्याचे ते 'नाही' मानले जाईल अशी व्यवस्था करणे, हे आम्हा शासनातील माणसांचे काम; आणि पुढच्या फेरीची वाट पाहण्याइतका धीर मागे राहिलेल्यांना देणे, हे आपणा सर्वांचे.